बदलीमुळे शहर सोडावं लागतंय आणि नऊ वर्षांचा मुलगा यायला तयार नाही. त्याला खंबीर कसं करावं?

तुम्ही लिहिलंय ते असं: मिस्टरांची नाशिकहून बंगळुरूला बदली झालीय आणि मे महिन्यात निघायचंय. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत, मुलगी साडेचारची. आजी-आजोबा नाशिकलाच राहणार. बातमी कळल्यापासून मुलगा 'मी येणार नाही' म्हणतोय आणि भरल्या ताटावरून उठतोय.

आधी ताटाचं बघू, कारण ते आजचंच आहे. त्याच्या नेहमीच्या आवडीचं, नेहमीच्या वेळेला वाढा. जेवला तर ठीक. नाही जेवला तर अर्ध्या तासाने न बोलता ताट उचला, डब्यात लाडू-केळी त्याच्या हाताशी राहू द्या. 'जेवलास तर सायकल घेऊ' असं म्हटलंत की जेवण हा वाटाघाटीचा विषय होतो आणि पुढचे सहा महिने तसाच राहतो. चार-पाच दिवसांत खाणं पूर्ववत झालं नाही किंवा तो मलूल दिसायला लागला, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि त्याच्याशी बोलताना 'तिथे मॉल आहे, मेट्रो आहे, मज्जाच मज्जा' हे अगदी टाळा. त्याला मित्र आणि आजी सुटल्याचं दुःख आहे, मॉलने ते भरत नाही. उलट आईला आपलं कळलंच नाही असं त्याला वाटतं. एवढंच म्हणा: "तुला जायचं नाहीये, मला कळलं. राग येणारच. पण आपण जाणार आहोत, आणि सगळे एकत्र जाणार आहोत." मग थांबा. तो रडेल, दार आपटेल. त्याला रडू द्या. ठरलेली गोष्ट पुन्हा 'जाऊया ना रे?' अशी विचारू नका. त्याने 'नाही' म्हटल्यावर तुमच्याकडे उत्तर नसतं.

एक-दोन दिवसांनी दोघा आईवडिलांनी मिळून तीन गोष्टी सांगायच्या: काय बदलणार, काय तसंच राहणार, आणि काय अजून ठरलेलं नाही. ही तिसरी बहुतेक घरांत राहून जाते. शाळा पक्की झालेली नसेल तर तसं सांगा आणि कधी कळेल तेही सांगा. अर्धवट कानावर आलेल्या गोष्टीतून मुलं स्वतःच बाकीचं रचतात, आणि ते रचलेलं खऱ्यापेक्षा भयंकर असतं.

खंबीरपणाबद्दल माझं मत असं की तो उपदेशाने येत नाही. हवाई बेटांपैकी कवाई इथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण अशा कठीण परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं पुढे छान उभी राहिली. त्यांच्यात वारंवार दिसलेली गोष्ट म्हणजे कायम पाठीशी असलेलं निदान एक मोठं माणूस, अनेकदा आजी-आजोबांपैकीच कुणीतरी. तुमच्या घरची परिस्थिती त्या मुलांसारखी मुळीच नाही, पण आजी-आजोबांचा धागा जपणं हे तुमचं सगळ्यात मोठं काम आहे, ते इथून कळावं.

'रोज फोन करू' हा बेत पंधरा दिवसांत कोलमडतो. आठवड्यातून दोन ठरलेले वार, ठरलेली वेळ, आणि फोनवर करायला काहीतरी काम असू द्या. 'काय जेवलास? अभ्यास झाला का?' यावर नऊ वर्षांच्या मुलाचं बोलणं दोन मिनिटांत संपतं. त्याऐवजी आजोबांशी बुद्धिबळ: दोन्हीकडे पट मांडायचा, फोनवर चाली सांगायच्या, डाव अर्धा राहिला तर पुढच्या वारी. लहानीला दहा मिनिटं पुरे. आजीने एक गोष्ट सांगावी, हिने चित्र दाखवावं. आजी-आजोबांना मात्र आधीच विनंती करा की 'तुझ्याशिवाय घर खायला उठतं रे' हे मुलांसमोर नको. आठवण येते हे जरूर म्हणावं, पण पाठोपाठ आज काय केलं तेही सांगावं. नाहीतर त्यांना एकटं टाकल्याचा दोष मूल स्वतःकडे घेतं.

भेटीची तारीख आरक्षण झाल्यावरच सांगा. मनमाडहून कर्नाटक एक्सप्रेस बंगळुरूला जाते आणि रेल्वेचं आरक्षण सध्या ६० दिवस आधी खुलतं. म्हणजे दिवाळीला नाशिक, हे वचन तिकीट हातात आल्यावर द्यायचं. मोडलेलं एक वचन मुलं फार काळ लक्षात ठेवतात.

निघण्याआधी निरोप नीट होऊ द्या. कुणाला भेटायचं आणि कुठे जायचं याची यादी त्याला करू द्या: शाळेचं मैदान, गोदाघाट, पांडवलेणी, नेहमीची मिसळ, जे असेल ते. शेवटच्या दिवशी मोठी पार्टी नको, त्या दिवशी घरात खोकी, टेम्पो आणि चिडचिड असते. आठवडाभर आधी तीन-चार जवळचे मित्र बोलवा आणि त्यांच्या आईवडिलांचे नंबर त्याच्या स्वतःच्या वहीत लिहून घ्या.

सामान बांधताना होणारी एक चूक फार महागात पडते: मूल शाळेत असताना त्याची 'मोडकी' खेळणी टाकून देणं. दोघांना एकेक खोकं द्या, मापाचं. त्यात काय जाईल ते त्यांनीच ठरवायचं, दगड आणि तुटकी गाडी असली तरी. ही खोकी सगळ्यात शेवटी बंद होतात, तुमच्याबरोबर प्रवास करतात आणि नव्या घरात सगळ्यात आधी उघडतात. मुलीची गोधडी तेवढ्यात धुऊ नका, ओळखीचा वास तिला झोपायला लागतो. तिला अजून महिन्यांचा हिशोब कळत नाही, म्हणून तिला दोन-तीन आठवडे आधी सांगा आणि बाहुल्यांचं घर हलवण्याचा खेळ बरोबर खेळा. सामान टेम्पोत जातं आणि पुन्हा आपल्याकडे येतं, हे तिला खेळातूनच पटतं. याच काळात बाटली सोडवणं, वेगळ्या खोलीत झोपवणं असलं काही सुरू करू नका.

कागदांची घाई मात्र आत्ताच करा, कारण शाळा लटकली की घरातला ताण मुलांपर्यंत पोचतो. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम ५ नुसार मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला ताबडतोब द्यायचा असतो. परराज्यातल्या काही शाळा त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात, ती नाशिक सोडण्याआधीच घ्या. सीबीएसईचं वर्ष एप्रिलपासून धरतात, आपल्या राज्य मंडळाचं जूनपासून. म्हणून नवी शाळा सीबीएसईची असेल तर तिथे पाचवीचा किती भाग आधीच झालाय ते विचारून घ्या. कर्नाटकात कन्नड शिकवण्याबाबत २०१५ चा कायदा आहे, त्यामुळे बहुतेक शाळांत कन्नड घ्यावं लागतं. नव्याने आलेल्यांना काय सवलत मिळते, तेही प्रवेशाच्या वेळीच कळून घ्या.

कन्नडची धास्ती कमी करायला त्याला मैदानावर लागणारी आठ-दहा वाक्यं आधी द्या. 'नन्न हेसरु' म्हणजे माझं नाव, 'गोत्तिल्ला' म्हणजे माहीत नाही, 'बेकु' हवं, 'बेडा' नको, आणि सर्वांत उपयोगी 'नानू आटक्के बर्ला?', म्हणजे मी पण खेळायला येऊ का. बाबांनीही त्याच्याबरोबर शिकावं आणि त्याच्यासमोर चुकावं. पहिल्या सहामाहीत कन्नडच्या गुणांवरून एक शब्दही नको. घरात मराठीच चालू ठेवा.

नव्या घरात दिवसाचे तीन खुंटे जुन्या वेळेलाच ठोका: उठणं, रात्रीचं जेवण, झोपेआधीचा क्रम. शुभंकरोती म्हणत असाल तर तीही त्याच वेळेला. पहिले दोन आठवडे कुठलाही क्लास नको. मग एकच, जिथे तीच तीच मुलं आठवड्यातून दोन-तीनदा भेटतील असा. घरी एका वेळी एकच मूल बोलवा, दीड तास, काय खेळायचं ते ठरवून. तीन जमले की एकजण बाजूला पडतो, आणि बहुधा तो नवाच असतो.

शाळा सुरू होण्याआधी एकदा तिथे जाऊन शौचालय, डबा खायची जागा आणि बस थांबते ती जागा दाखवा. पहिल्या दिवशीचं बरंचसं दडपण या तीन ठिकाणांचं असतं. वर्गशिक्षिकेला भेटून दोन आठवडे एखादं सोबतीचं मूल नेमून द्यायला सांगा. डब्यात वाटून खाता येईल असं द्या. पंधरा दिवसांनी स्वतःहून चौकशी करा, पालकसभेची वाट बघू नका.

पहिले दोन-तीन आठवडे नवलाईत छान जातात आणि मग, बहुतेकदा पहिल्या-दुसऱ्या महिन्यात, मूल खचतं. 'मी नाशिकला जातो' तेव्हा पुन्हा सुरू होतं. पालक इथे घाबरतात, पण हे अपेक्षित आहे. लहानी अंथरूण ओलं करू लागेल, बोट चोखेल. चादर बदला, बोलू नका. मोठ्याचं सोमवारी सकाळी पोट दुखेल. ते दुखणं खोटं नसतं, ताणाने पोट खरंच दुखतं. ताप, उलटी, जुलाब नसतील तर मायेने पण ठामपणे शाळेत पाठवा आणि संध्याकाळी बोला. घरी ठेवलंत तर मंगळवार आणखी जड जातो.

तुम्हीही नाशिक सोडताय, तेव्हा उसनं हसू आणू नका. "मलाही इथे करमत नाहीये, म्हणून मी संध्याकाळी फिरून येते, चल तू पण" असं म्हणा. अवघड वाटल्यावर काय करायचं, हे मुलं यातूनच शिकतात.

शाळेला जाणं सलग दोन आठवडे साफ बंद झालं, महिना उलटूनही बहुतेक दिवस झोप-जेवण बिघडलेलं राहिलं, किंवा तो सगळ्यांपासून तुटू लागला, तर समुपदेशकांकडे जा. बंगळुरूत निम्हान्स या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेचा बाल आणि किशोर मानसोपचार विभाग आहे, आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र मोफत चालतो. 'मरून जावंसं वाटतं' असं काही त्याच्या तोंडून आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दाखवा.