झाड आणायचं का? आधी किल्ल्याचं बोला

डिसेंबर उजाडला की माझ्याकडे एकाच जातीची पत्रं यायला लागतात. चिवड्याचा शेवटचा डबा अजून फ्रीजवर असतो, पणत्यांचं तेल कुठेतरी गालिच्याला लागलेलं असतं आणि मुलांनी झाडाचा धोशा सुरू केलेला असतो. या वेळी इंग्लंडमधल्या रेडिंगहून आलेलं पत्र घेतेय, कारण त्यात बाकी सगळ्यांची पत्रं आलीच.

‘प्रिय काकू, मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. दोघांना घरात ख्रिसमस ट्री हवंच आहे. नवरा म्हणतो, आण एकदाचं आणि मोकळी हो. सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्यात. त्या म्हणतात, दिवाळीला एक आकाशकंदील लावलात, तोही वायर सापडेना म्हणून भाऊबिजेला, आणि आता झाडाला दोनशे दिवे? मी मधल्यामध्ये अडकलेय. मुलीला शाळेच्या येशूजन्माच्या नाटकात मेंढीचं काम मिळालंय, त्यावरूनही घरात कुरबुर आहे. सांताबद्दल मुलांना खरं सांगायचं का? शेजारीण मिन्स पाय (नाताळचा सारण भरलेला गोड पदार्थ) आणून देते, तिला काय द्यावं? शिक्षिकेला काय भेट? आणि पंचवीस तारखेला सगळं बंद असताना दिवसभर करायचं तरी काय?’

तुला अगं-तुगं करते, रागावू नकोस, माझ्या सुनेच्या वयाची असशील. झाड आण. लहान आण, पण आण. सासूबाईंना सांग की ते इंग्रजांचंही मूळचं नव्हे. चाल जर्मन लोकांची. १८४८ साली लंडनच्या एका साप्ताहिकात व्हिक्टोरिया राणी आणि तिच्या जर्मन नवऱ्याचं झाडाभोवती मुलं घेऊन उभं असलेलं चित्र छापून आलं आणि त्यानंतर ते इथल्या घराघरांत शिरलं. इंग्रजांनी उसनं घेतलेलं तू आणखी उसनं घेतलंस तर आकाश कोसळत नाही.

झाला झाडाचा निकाल. पण तुझ्या पत्रातलं आकाशकंदिलाचं वाक्य मी तीनदा वाचलं. पुढे तू लिहितेस, ‘दिवाळी आम्ही अगदी साग्रसंगीत करतो. फराळ पुण्याहून कुरियरने येतो, मंडळाच्या कार्यक्रमाला जातो, मुलं नवीन कपडे घालतात, फोटो काढतो.’ बाई गं, येतो, जातो, घालतात, काढतो. करंजीचं सारण कुणी चाखून पाहिलं? रांगोळी कुणी फिसकटली? तुझ्या लेकीच्या हाताला त्या चार दिवसांत काय लागलं, पीठ, रंग, माती? काहीच नाही. तिची दिवाळी खोक्यातून येते आणि खोक्यात परत जाते.

आता तिची शाळा बघ. नोव्हेंबरच्या मध्यापासून ती पोर मेंढी होण्याची तालीम करतेय. कागदाच्या साखळ्या चिकटवतेय, कार्डांवर चमकी सांडतेय, रोज सकाळी नाताळपर्यंतचे दिवस मोजायच्या त्या कॅलेंडरची एक खिडकी उघडून आतलं चॉकलेट खातेय आणि उद्याची खिडकी मोजतेय. महिनाभर तिचे हात गुंतलेले आहेत. मग ती झाड मागणार नाही तर काय मागेल? तिला झाडाचा नाही, तयारीचा सोस आहे. आणि ती तयारी आपल्याकडे नव्हती का? होती की. तिचं नाव किल्ला.

नेहमीचे वाचक आता म्हणतील, आल्या काकू किल्ल्यावर. आलेच. गेल्या गणपतीत मोदकांबद्दल विचारलं होतं तेव्हाही आले होते.

मी वसईची, पापडीजवळची. सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर टाकून घरी यायचं ते दप्तर ओसरीवर भिरकावून थेट मागच्या अंगणात. दगड, फुटक्या विटा, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट. बुरूज नारळाच्या करवंटीचा, तळं आरशाच्या तुकड्याचं. चाळलेली माती वरून लावली की अळीव पेरायचे. चार दिवसांत हिरवीगार शेतं. मग कुर्ल्याच्या मामाने आणलेले मातीचे मावळे मांडायचे, आणि सगळ्यात वर सिंहासनावर महाराज. मावळा दरवाज्याहून उंच असायचा. कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब, आमच्यासारखंच मराठी बोलणारं. तुळशीचं लग्न लागून आमचा किल्ला मोडला की पंधरा-वीस दिवसांत त्यांच्या ओट्यावर गोठ्याचं काम निघायचं. बाळ येशूचा गोठा, पेंढ्याचं छप्पर, चांदीच्या कागदाचा तारा. आणि ऐक हं, त्या मावशीसुद्धा पसरट थाळीत माती घालून नाचणी पेरायच्या, नाताळपर्यंत गोठ्यापुढे कुरण दिसावं म्हणून. आमचे अळीव, त्यांची नाचणी, घटाचं धान्य, सगळं एकाच बायकी डोक्यातून निघालेलं. फ्रान्सच्या दक्षिणेला प्रोव्हान्समध्येही ४ डिसेंबरला बशीत गहू पेरतात. गोठ्याची प्रथा संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात घातली म्हणतात, तिथे तर खरा बैल आणि खरं गाढव बांधलं होतं. माणसाला सणापुढे काहीतरी रचायला लागतं, उगवायला लागतं.

तर एका वर्षी त्यांच्या एका मेंढपाळाची मान तुटली. त्यांचा धाकटा आमच्याकडे आला आणि एक मावळा मागून घेऊन गेला. भाल्याचं टोक मोडलेलं, त्यामुळे काठी म्हणून खपला. पुढच्या दिवाळीत मावळा परत आला तो तीन मेंढ्या बरोबर घेऊन, परतफेड म्हणून. त्या मेंढ्या आम्ही पायथ्याच्या शेतात सोडल्या. आजीने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, ‘शेताला कुंपण घाला, नाहीतर अळीव खातील.’ यापलीकडे त्या विषयावर आमच्या घरात चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. तुझ्या लेकीच्या मेंढीचं उत्तर यात आलं असं समज. आमचा थोरला १९८९ साली बोल्टनच्या शाळेत उंटाचा मागचा भाग झाला होता. अजून तो रोज देवाला नमस्कार करूनच कामाला जातो. निदान मला तरी तसं सांगतो.

तू म्हणशील, काकू, किल्ला दिवाळीचा, डिसेंबरात कसा? अगं, किल्ल्याला मुहूर्त कधी होता? त्याला सुट्टी होती. दिवाळीत शाळेला तीन आठवडे सुट्टी म्हणून आपण दिवाळीत किल्ला केला. इथे लक्ष्मीपूजनाला मुलं स्पेलिंग टेस्ट देऊन येतात, तू सहाला घरी पोचतेस, बाहेर मिट्ट काळोख आणि पाऊस. इथली सुट्टी डिसेंबरात, नवराही घरात. चारच्या सुमारास अंधार पडायला लागतो तो दिवस तुम्ही टीव्हीपुढे घालवता आणि मला विचारता, करायचं काय.

मीही आधी हे केलं नाही, कबूल करते. आमची पहिली पाच-सहा वर्षं मी रुसून काढली. नाताळ ‘त्यांचा’, दिवाळी ‘आपली’, आणि आपली दिवाळी म्हणजे बुधवारी रात्री आठ वाजता घाईघाईने ओवाळणं. झाडासाठी थोरला रडला तेव्हा मी त्याला महाराष्ट्राच्या संस्कृतीवर भाषण दिलं. पाच वर्षांच्या पोराला! त्याने शांतपणे विचारलं, ‘मग आपल्याकडे काय करतात?’ आणि माझ्याकडे दाखवायला पाडव्याच्या भेटीचं पाकीट होतं. त्या शनिवारी यांनी गाडीच्या गॅरेजमधून दोन खोकी आणली.

आता कृती सांगते. पार्सलांची खोकी डिसेंबरात प्रत्येक घरात पडलेली असतात, ती एकावर एक उलटी चिकटव. वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत बुडवून त्यावर थापायच्या, दोन थर. हे काम चार वर्षांच्या मुलाचं, आणि तो कोपरापर्यंत बरबटणार हे धरून चाल. वाळायला दोन दिवस. मग वापरून वाळवलेली चहापावडर गोंदावर भुरभुरव, सह्याद्रीचा रंग हुबेहूब येतो. अळीव मात्र खोक्यावर पेरू नकोस, पुठ्ठ्याचा लगदा होतो. जेवणाच्या प्लॅस्टिकच्या उथळ डब्यांत ओला कापूस अंथरून त्यात पेर आणि ते डबे पायथ्याला मांड. अळीव कुठे मिळणार म्हणून भारतात फोन करू नकोस. इथल्या बागकामाच्या दुकानात ‘क्रेस’ म्हणून पाकीट मिळतं, ते अळीवच. तुझ्या लेकीने नर्सरीत अंड्याच्या कवचात नक्की उगवलंय. तेच बी आपण लाडवात घालतो. आधी भिजवायचे नाहीत, गिळगिळीत गोळा होतो. ओल्या कापसावर विरळ भुरभुरायचे आणि वर माती घालायची नाही. डबा खिडकीत ठेव, रेडिएटरवर नको. मी एकदा ठेवला होता, पेराच भाजला. १९ तारखेला पेरलेस तर पंचवीसला बोटाच्या पेराएवढं शेत तयार. आमच्या थोरल्याने गेल्या वर्षी २३ डिसेंबरला लीड्सहून फोन करून विचारलं, आई, अळीव किती दिवस आधी पेरायचे? मी म्हटलं, आता एकतीसला उगवतील, तोवर महाराजांना बर्फात बसव. त्याने कापूस पसरला. नातवाला तेच जास्त आवडलं.

आणि आता तुला थोडं रागावते. सासूबाई साताऱ्याच्या. घराबाहेर पाऊल टाकलं की अजिंक्यतारा समोर. वर मंगळाईच्या देवळात किती वेळा गेल्या असतील, ताराराणींच्या वाड्याचे अवशेष कुठे आहेत ते झोपेत सांगतील. अशी बाई तुझ्या घरात सहा महिने आहे आणि तू तिला रिमोट देऊन सोफ्यावर बसवलीस! मग ती झाडाचे दिवे मोजणार नाही तर काय करणार? त्यांना विचार, ‘आई, अजिंक्यताऱ्याला वाट कुठल्या बाजूने चढते?’ आणि बाजूला हो. नातीला त्या माचीसकट सगळं सांगतील. मुलीला मराठी बोलता येत नाही ही तुझी पत्राच्या शेवटची तक्रारही तिथेच थोडी सैल होईल. ‘तो बुरूज कलला, टेकू लाव’ हे इंग्रजीत सांगायला आजीला येत नाही आणि नातीला ते ऐकल्यावाचून गत्यंतर नाही.

झाड उजव्या कोपऱ्यात, किल्ला डाव्या. मेंढ्या कुठे सोडायच्या ते लेक ठरवेल.

उरलेलं भराभर. सांता: विचारलं तर ‘तुला काय वाटतं?’ म्हण आणि वाट बघ, मुलं तुझ्यापुढे दोन वर्षं असतात. शिक्षिकेला लेकीच्या हातचं कार्ड आणि शंकरपाळे, पण डब्यावर घटक लिहून, कुणाला कशाची ॲलर्जी असेल सांगता येत नाही. मिन्स पायमध्ये आता खिमा नसतो, सुका मेवाच असतो, पण काहींत सुएट म्हणजे गुरांची चरबी असते. दुकानातलं पाकीट असेल तर शाकाहारी लिहिलंय का बघ, शेजारणीने घरी केले असतील तर सरळ विचार, इथे त्याचा कुणाला राग येत नाही. आणि तिची ताटली रिकामी परत करू नकोस. मी पहिल्या वर्षी स्वच्छ धुऊन, पुसून, रिकामी परत केली होती. फोनवर आईला अभिमानाने सांगितलं, तर पलीकडे इतका वेळ शांतता की मला वाटलं लाइन तुटली. तेव्हा मिनिटाचे पैसे पडायचे.

पंचवीसला इथे आगगाड्या बंद असतात, तर जवळपास राहणारा एखादा मराठी विद्यार्थी किंवा एकटी नर्स असेल तिला नवऱ्याला गाडी घेऊन आणायला पाठव. किल्ल्याला प्रेक्षक लागतात. दूध मात्र चोवीसलाच आणून ठेव.

हे पत्र सासूबाईंना वाचून दाखव. रिमोटचं वाक्य गाळ.