मुलगी 4 वर्षांची, वजन फक्त 11 किलो. नेटवरच्या चार्टमध्ये वयाप्रमाणे तापाचं सिरप 10 मिली दाखवतंय, तेवढं द्यावं का?

नको. वय बाजूला ठेवा, वजनावर हिशोब करा. माझं कराडकडं मेडिकल आहे, काउंटरवर हेच रोज चालतं, "चार वर्षांच्या पोराला किती झाकण देऊ?" आणि मी आधी वजन विचारलं की माणसं वैतागतात, औषध द्यायचं सोडून चौकशा कसल्या करतोय म्हणून.

तर बघा. वयाचा चार्ट धरतो साधारण 16 किलोची मुलगी. तापाच्या सिरपमधल्या पॅरासिटामॉलचा एक डोस असतो किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलीला 110 ते 165. सिरप 120 चं असेल, म्हणजे 5 मिलीत 120 मिलिग्रॅम, तर 10 मिलीत गेले 240. किलोला जवळजवळ 22 झाले की! आणि असं दिवसातून चारदा दिलं तर 960, आणि किलोला 60 धरलं तर तिला 24 तासांत सगळं मिळून 660 च्या वर जायलाच नको. त्यापेक्षा या 120 वाल्याचं 5 मिली द्या, पुरतं तेवढं. दोन डोसमध्ये सहा तास ठेवा, चारच्या वर डोस नाहीत, आणि ताप दोन दिवसांत हटला नाही तर डोस वाढवत बसू नका, डॉक्टरांकडं न्या.

मी 15 वर न जाता 10 च्या जवळ राहायला सांगतोय त्याला कारण आहे. हे औषध लिव्हरमध्ये मोडतं तेव्हा त्यातला थोडा भाग विषारी होतो आणि त्याला निकामी करायला ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ लागतो. अशक्त पोरांत तो आधीच कमी, त्यात तापात दोन-तीन दिवस पोटात काही नाही म्हटल्यावर अजून कमी. उसाच्या हंगामात फडावरच्या बाया तान्ही पोरं घेऊन येतात तेव्हा तर मला हेच आधी बघावं लागतं.

बाटली हातात घेऊन बारीक अक्षरातलं "प्रत्येक 5 मिलीमध्ये" एवढं वाचा. 120, 125, 240, 250 असे प्रकार येतात, खोकी दिसायला सारखीच, आणि 250 वाल्यातलं तेच 5 मिली तुमच्या मुलीला 250 मिलिग्रॅम देतं, म्हणजे किलोला 22 च्या वर. ड्रॉप्स तर बहुतेक 1 मिलीत 100 चे असतात, धाकट्याचे उरलेत म्हणून थोरलीला चमचाभर पाजले की झाले 500! घरातला चमचा वापरूच नका, मेडिकलमधून 5 मिलीची सिरिंज घ्या, सुई काढून टाका, आणि बाटली आधी नीट हलवा, औषध तळाला बसतं.

अजून एक, सर्दीच्या सिरपमध्येही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतंच, दोन्ही एकदम दिलं तर डबल डोस. आयबुप्रोफेन, म्हणजे तापाचंच दुसरं औषध, किंवा पॅरासिटामॉल आणि ते एकत्र असलेलं औषध अशा पोरीला स्वतःच्या मनानं देऊ नका, जुलाब-उलट्या चालू असतील, पाणी पीत नसेल तर किडनीवर येतं, आणि डेंग्यूची शंका असेल तर रक्तस्रावाचा धोका. अॅस्पिरिन तर नकोच. निमेसुलाइड नावाचं तापाचं औषध 12 वर्षांखालच्या मुलांना 2011 पासून बंदच आहे, तरी गावाकडं लोक अजून मागतात, मी देत नाही.

ताप पूर्ण उतरवायच्या मागं लागू नका, पोर खेळतंय, पाणी पितंय तर औषधाची घाई नाही. उलट फार कुपोषित मुलांना इन्फेक्शन असूनही ताप येत नाही, अंग गार पडतं, सुस्त होतात. तसं दिसलं, झटका आला, पाणी पिईना, लघवी कमी झाली, श्वास जोरात चालला तर दवाखाना, लगेच. आणि 4 वर्षांना 11 किलो म्हणजे वजनही खूपच कमी आहे, ताप उतरला की अंगणवाडीतल्या ताईंकडून दंडाचा घेर मोजून घ्या आणि डॉक्टरांनाही दाखवा, 11.5 सेंटीमीटरच्या खाली आला तर अजिबात लांबवू नका.

चुकून जास्त गेलंच असेल तर पोर ठणठणीत दिसतंय म्हणून थांबू नका, पहिल्या दिवशी बहुतेकदा काहीच दिसत नाही. बाटली सोबत घ्या, किती मिली आणि किती वाजता दिलं ते सांगा, उतारा आहे यावर, पण तो लवकर दिला तरच चांगला चालतो.