ठाण्याच्या विहिरी नॉर्वेच्या समुद्रात कशा गेल्या?

क्यूजीआयएस वापरताना काय अडतं ते कळवा म्हटलं होतं, तर ठाणे आणि नवी मुंबईतूनच इतके प्रश्न आले की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. ज्यांनी अजून हे वापरलं नाही त्यांच्यासाठी एवढंच, की क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, २००२ मध्ये याचं काम सुरू झालं, आणि एक पैसा न भरता कुणीही डाउनलोड करून घेऊ शकतं.

प्रश्न: कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आम्ही बाळकुम आणि कोलशेतच्या जुन्या विहिरी शोधल्या, मोबाईलवर लोकेशन घेतलं, एक्सेलमध्ये भरलं. पण क्यूजीआयएसमध्ये फाईल टाकली की एकही विहीर ठाण्यात दिसत नाही. झूम टू लेयर केलं (लेयर म्हणजे नकाशावरचा आपल्या माहितीचा थर) तर सगळे ठिपके नॉर्वेच्या वर समुद्रात! आणि मैत्रिणीच्या फाईलमधले ठिपके अरबी समुद्रात. काय चुकतंय? (विद्यार्थिनी, ठाणे)

उत्तर: तुझी आणि मैत्रिणीची चूक वेगवेगळी आहे, म्हणून दोन्ही नीट सांगतो. तुझ्या फाईलमध्ये अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झालीय. आपण बोलताना "अक्षांश, रेखांश" असं म्हणतो, मोबाईलही १९.२३, ७२.९८ असंच दाखवतो, मग पहिला आकडा एक्समध्ये आणि दुसरा वायमध्ये टाकायचा असं आपोआप वाटतं, पण एक्स म्हणजे आडवं अंतर, म्हणजे रेखांश, तेव्हा तिथे ७२.९८ हवेत आणि वायमध्ये १९.२३. उलटे झाले की क्यूजीआयएस बिचारं ७२.९८ उत्तर, १९.२३ पूर्व अशी जागा शोधतं आणि ती खरंच नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात आहे. अ‍ॅड डिलिमिटेड टेक्स्ट लेयरच्या खिडकीत एक्स फील्ड आणि वाय फील्ड हे दोन खाने आहेत ना, तेवढे बदल, विहिरी घरी येतील. तिथेच खाली सीआरएस विचारतात, म्हणजे हे आकडे कुठल्या मोजणी पद्धतीतले आहेत ते, मोबाईलचं लोकेशन असेल तर ईपीएसजी ४३२६ ठेव, तो अंशांतल्या साध्या अक्षांश-रेखांशांचा नंबर आहे.

मैत्रिणीचं प्रकरण जरा आतलं आहे. तिच्या अ‍ॅपने बहुतेक अंश-मिनिटं-सेकंद दाखवले असणार, म्हणजे ७२ अंश ५८ मिनिटं ४८ सेकंद, आणि तिने ते ७२.५८४८ असं टाईप केलं. दिसायला बरोबर, पण एका अंशात मिनिटं ६० असतात, १०० नाही. ५८ भागिले ६० अधिक ४८ भागिले ३६०० केलं की ०.९८ येतं, म्हणजे खरा आकडा ७२.९८. या एका चुकीने ठिपका जवळजवळ ४१ किलोमीटर पश्चिमेला सरकतो, अक्षांशही तसाच लिहिला असेल तर शिवाय दहाएक किलोमीटर दक्षिणेला, आणि ठाण्यापासून तेवढं पश्चिमेला गेलं की पाणीच. तिला सगळं हाताने बदलायची गरज नाही. मूळ नोंदी अंश-मिनिटं-सेकंदातच एक्सेलमध्ये भरायच्या आणि त्याच खिडकीत डीएमएस कोऑर्डिनेट्सवर टिक करायची, हिशोब क्यूजीआयएस करतं.

आणि एक. ठिपका विहिरीपासून पाच-सात मीटर बाजूला दिसला तर घाबरू नका, मोकळ्या आकाशाखालीसुद्धा मोबाईलचा जीपीएस साधारण पाच मीटर इकडेतिकडे असतो, उंच इमारतींच्या मध्ये त्याहून जास्त. तुम्ही जे करताय ते फार मोलाचं आहे हो, कारण बुजलेल्या विहिरीची जागा सांगणारी माणसंही आता कमी होत चाललीत, तेव्हा विहिरीचं नाव, कोणी दाखवली, पाणी आहे का, हे कॉलम आत्ताच भरून ठेवा.

प्रश्न: मासुंदा तलावाभोवती ५०० मीटरचा पट्टा काढायचा होता. बफरमध्ये ५०० टाकलं तर अख्खं जग रंगून निघालं. मग एकाने सांगितलं म्हणून लेयरचा सीआरएस ३२६४३ केला, तर तलावच गायब झाला. (निवृत्त इंजिनिअर, नौपाडा)

उत्तर: काका, बफरच्या खिडकीत ५०० च्या शेजारी जो छोटा शब्द असतो तो बघा, तिथे मीटरच्या जागी डिग्रीज लिहिलेलं दिसेल. तुमचा लेयर अंशांत आहे, एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तेव्हा ५०० अंश म्हटल्यावर पृथ्वीच संपली.

त्यावर तुम्हाला सांगितलेला नंबर बरोबर आहे, रस्ता चुकला. मी हे पुन्हा पुन्हा सांगत असतो कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. सेट लेयर सीआरएस केलं की आतले आकडे तसेच राहतात, फक्त दारावरची पाटी बदलते. म्हणजे ७२.९८ आणि १९.२ हे आता क्यूजीआयएसला मीटर वाटायला लागले, आणि त्या पद्धतीत ७२ मीटर, १९ मीटर ही जागा मालदीवच्या पश्चिमेला विषुववृत्तावर येते, तलाव तिथे जाऊन बसलाय आणि इतका आक्रसलाय की मोठा झूम केल्याशिवाय दिसणारही नाही. पाटी आधी परत ४३२६ करा. मग प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये रिप्रोजेक्ट लेयर शोधा, टार्गेट सीआरएस ईपीएसजी ३२६४३ द्या, नवा लेयर तयार होईल, त्यातले आकडे खरोखर मीटरमध्ये बदललेले असतील. त्यावर बफर ५००. झालं.

३२६४३ म्हणजे यूटीएमचा (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत) ४३ वा झोन, उत्तर गोलार्ध, तो ७२ ते ७८ पूर्व रेखांशापर्यंत चालतो म्हणून ठाणे, नवी मुंबई, पुणे, नाशिक सगळं यात बसतं. नागपूरचं काम असेल तर मात्र ३२६४४ घ्यावं लागतं.

तलावाचं क्षेत्रफळही काढणार असाल तर अजून एक सांगून ठेवतो. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशाचा बेसमॅप, म्हणजे खाली पसरलेला तयार नकाशा, त्याचा सीआरएस ३८५७ असतो आणि पुष्कळ जण त्यातच पॉलिगॉन, म्हणजे तलावाची बंद आकृती, काढून मोकळे होतात. आपल्या अक्षांशावर त्यात अंतर सुमारे ६ टक्के आणि क्षेत्रफळ सुमारे १२ टक्के जास्त येतं. तलाव किती बुजला यावर भांडायला उभं राहायचं आणि आपलाच आकडा १२ टक्के फुगलेला, असं व्हायला नको, म्हणून क्षेत्रफळही त्या ३२६४३ वाल्या लेयरवरच काढा.

प्रश्न: घरी बनवलेला नकाशा पेन ड्राईव्हवर घेऊन शाळेत उघडला तर प्रत्येक लेयरपुढे लाल खूण आणि नकाशा कोरा. (शिक्षिका, घणसोली)

उत्तर: ताई, तुम्ही फक्त क्यूजीझेड फाईल, म्हणजे क्यूजीआयएसची प्रोजेक्ट फाईल, नेली असणार. तिच्यात रंग, लेबलं, मांडणी असते, डेटा नसतो, डेटा कुठल्या फोल्डरमध्ये आहे याचा पत्ता तेवढा असतो. टूलबॉक्समध्ये पॅकेज लेयर्स आहे, त्याने सगळे लेयर एका जिओपॅकेज फाईलमध्ये (अनेक लेयर एकत्र ठेवणारी फाईल) भरता येतात, आणि प्रोजेक्ट मेनूत सेव्ह टू जिओपॅकेज केलं की प्रोजेक्टही त्यातच जातो, फक्त त्याआधी प्रोजेक्टमधले लेयर त्या नव्या फाईलवरून जोडलेले आहेत ना ते बघून घ्या. मग एकच फाईल न्यायची. लेयरच्या नावापुढे चिपसारखं छोटं चिन्ह असेल तर तो तात्पुरता लेयर आहे, क्यूजीआयएस बंद केलं की जातो, तो आधी सेव्ह करा.

प्रश्न: नेरुळच्या आमच्या सेक्टरमधल्या झाडांची मराठी नावं भरली होती. एका फाईलमध्ये नुसती प्रश्नचिन्हं येतात, दुसरीत भलतीच परदेशी अक्षरं. काही वाचवता येईल का? (वाचक, नेरुळ)

उत्तर: परदेशी अक्षरंवाली वाचेल. तिथे मराठी शाबूत आहे, क्यूजीआयएस फक्त चुकीच्या एन्कोडिंगने, म्हणजे अक्षरं साठवायच्या भलत्याच पद्धतीने, वाचतंय, लेयर प्रॉपर्टीजच्या सोर्स टॅबमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ करा आणि बघा, वड, पिंपळ, बहावा सगळे परत येतील. प्रश्नचिन्हंवाली मात्र गेली. साधी सीएसव्ही (तक्ता नुसत्या मजकुरात ठेवणारी फाईल) सेव्ह करताना एक्सेलला मराठी अक्षर ठेवायला जागा मिळाली नाही म्हणून त्याने तिथे खरंच प्रश्नचिन्ह लिहून टाकलं, आता आत दुसरं काही उरलेलं नाही. माझ्याकडेही असंच झालं होतं, सहा रविवार फिरून लिहिलेली नावं, आणि एका ओळखीच्यांनी फाईल उघडून साध्या सीएसव्हीत सेव्ह करून परत पाठवली, मूळ वही होती म्हणून पुन्हा भरता आली. तुमच्याकडे मूळ एक्सेल फाईल असेल तर तीच उघडून सीएसव्ही यूटीएफ-८ असा पर्याय निवडा.

शेपफाईलमध्येही, म्हणजे नकाशाच्या डेटाच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये, मराठी ठेवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. तिच्यात कॉलमच्या नावाला १० बाइट मिळतात आणि देवनागरीचं एकेक अक्षर-चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे "झाडाचे नाव" लिहिलंत तर "झाड" एवढंच उरणार. कॉलममधल्या मजकुराला २५४ बाइट, म्हणजे मराठीत ८४ चिन्हं, त्यात काना-मात्राही मोजतात. जिओपॅकेजमध्ये ही अडचण नाही.

प्रश्न: ओपनस्ट्रीटमॅपवर आमच्या सोसायटीचं गेट मागच्या गल्लीत दाखवलंय, डिलिव्हरीवाले रोज चुकतात. तक्रार कुठे करायची? (गृहिणी, कोपरखैरणे)

उत्तर: तक्रार नको, तुम्हीच बदला, तो नकाशा आपल्यासारख्यांनीच भरलेला आहे. फुकट अकाउंट काढायचं, एडिट दाबायचं, गेटचा ठिपका ओढून बरोबर जागी आणायचा, सेव्ह करताना काय बदललं ते एका ओळीत लिहायचं. दुसऱ्या कंपनीच्या नकाशातून बघून काही उतरवायचं नाही, लायसन्समध्ये ते बसत नाही, स्वतः जाऊन बघितलेलं तेवढंच टाका. आणि तिथवर गेलाच आहात तर सोसायटीचं मराठी नावही टाका, त्यासाठी टॅगमध्ये नेम, मग कोलनचं चिन्ह, मग एमआर असं लिहायचं असतं. फक्त डिलिव्हरीवाल्यांचं अ‍ॅप वेगळा नकाशा वापरत असेल तर तिथे हे दिसणार नाही, तेव्हा आधी त्यांना कुठला नकाशा दिसतो ते एकाच्या मोबाईलवर बघून घ्या.