डुकराच्या अंडपेशी प्रयोगशाळेत परिपक्व व्हायला 44 तास ठेवूनही निम्म्यांतसुद्धा पोलर बॉडी (परिपक्व झाल्याची खूण असलेली, अंडपेशीने बाहेर टाकलेली छोटी पेशी) दिसत नाही, क्युम्युलसही (अंडपेशीभोवतालच्या पेशींचं आवरण) नीट फुलत नाही. काय चुकत असेल?

ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसत असतील तर मी मीडियमच्याही (पेशी ज्यात ठेवतात त्या पोषक द्रवाच्याही) आधी अंडाशयांची वाहतूक तपासेन. डुकराच्या अंडपेशीत चरबी ठासून भरलेली असते, म्हणूनच ती सूक्ष्मदर्शकाखाली काळपट दिसते. तिला गारवा सोसत नाही. तापमान 15 अंशांखाली गेलं की झालेलं नुकसान पुन्हा ऊब देऊन भरून येत नाही. त्यामुळे कत्तलखान्यातून अंडाशय बर्फात मुळीच आणू नका. अँटिबायोटिक घातलेलं 0.9 टक्के सलाइन थर्मासमध्ये 30 ते 37 अंशांवर ठेवा आणि काही तासांतच कामाला लागा.

फॉलिकल (अंडाशयातल्या, अंडपेशी असलेल्या द्रवाच्या पिशव्या) 3 ते 6 मिमीचेच घ्या. 18 गेजची सुई, 10 मिलीची सिरिंज, आणि दट्ट्या सावकाश ओढायचा. जोर लावला की क्युम्युलस सोलला जातो. मग निवड, आणि इथे मन घट्ट करा: क्युम्युलसचे निदान तीन घट्ट थर चहूबाजूंनी असावेत, आतलं द्रव्य एकसारखं गडद असावं. उघड्या किंवा अर्धवट सोललेल्या पेशी संख्या वाढवण्यापुरत्या ठेवल्या तर टक्केवारी घसरणारच.

मीडियम म्हणून टीसीएम-199 हे तयार मिळणारं मीडियम चालतं. त्यात 10 टक्के डुकराचाच फॉलिकल द्रव, 0.57 मिलीमोलर सिस्टीन (एक अमिनो आम्ल), 0.91 मिलीमोलर पायरुव्हेट, मिलीलिटरला 10 नॅनोग्रॅम ईजीएफ (पेशीवाढीला चालना देणारं प्रथिन), आणि ईसीजी व एचसीजी ही हॉर्मोनं मिलीलिटरला प्रत्येकी 10 युनिट. 500 मायक्रोलिटरमध्ये साधारण 50 पेशी. डिश आधी काही तास इनक्युबेटरमध्ये ठेवून मगच पेशी घाला, नाहीतर पीएच जागेवर आलेला नसतो. तापमान 38.5 ते 39 अंश, कार्बन डायऑक्साइड 5 टक्के. दुसऱ्या पेशींसाठी 37 वर लावलेला इनक्युबेटर तसाच वापरू नका.

पहिले 20–22 तास मीडियममध्ये हॉर्मोन आणि 1 मिलीमोलर डायब्युटिरिल सायक्लिक एएमपी (केंद्रकाची परिपक्वता तात्पुरती रोखणारं रसायन) ठेवा. त्यामुळे केंद्रकं थोपवली जातात आणि पुढे सगळ्या पेशी जवळपास एकदमच परिपक्व होऊ लागतात. नंतर पेशी धुऊन तेवढाच वेळ या दोन्हींविना ठेवा. धुणं अर्धवट राहिलं तर केंद्रक अडकूनच बसतं.

मीडियम बदलतानाच डिश बघून घ्या. क्युम्युलसचे झुबके तेव्हाही घट्टच असतील तर हॉर्मोनच्या कुप्या वारंवार वितळवून निकामी झाल्याचा किंवा फॉलिकल द्रव खराब असल्याचा संशय घ्या. छान फुलले, पण शेवटी पोलर बॉडी नाही, असं असेल तर खरं तापमान मोजा आणि मीडियमवर पसरतात त्या मिनरल ऑइलची दुसरी बाटली वापरून पाहा. जुन्या तेलातली पेरॉक्साइडं पेशींना घातक असतात.

मोजण्याआधी 0.1 टक्के हायलुरोनिडेजमध्ये (क्युम्युलस सुटा करणारं एन्झाइम) पिपेटने क्युम्युलस काढा आणि प्रत्येक पेशी फिरवून बघा, पोलर बॉडी बऱ्याचदा मागच्या बाजूला दडलेली असते. पोलर बॉडी दिसते म्हणून सिस्टीन मात्र वगळू नका. त्यापासून पेशीत बनणारं ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य कमी पडलं तर फलनानंतर शुक्राणूचं डोकं नीट उलगडत नाही आणि नर प्रोन्यूक्लियस (शुक्राणूपासून बनणारं केंद्रक) तयार होत नाही.