दर्शन गणपतीपुळ्याला, पाणी मालवणात

प्रश्न : भाऊबीज झाली की चार दिवसांसाठी आम्ही पहिल्यांदाच समुद्र बघायला निघतोय. सासू-सासरे, 9 आणि 6 वर्षांची दोन लेकरं, आणि विहिरीत पट्टीचा पोहणारा 19 वर्षांचा पुतण्या. गणपतीपुळे, गुहागर की तारकर्ली, यावर घरात एकमत होईना. कुठं जावं?
– एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, गणपतीपुळ्याला जरूर जा, पण दर्शनाला. देऊळ थेट वाळूला लागून आहे. डोंगरालाच स्वयंभू गणपती मानतात, म्हणून प्रदक्षिणाही डोंगराला घालायची. सासू-सासऱ्यांचं मन भरून येईल. समुद्रात मात्र तिथं कुणाला उतरू देऊ नका.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी अंबाजोगाईची. 1998 साली तिथं गुडघाभर पाण्यात उभी होते. लाट परत फिरली तशी टाचेखालची वाळू भसाभसा सरकली आणि दोनच पावलांवर पाणी कमरेच्या वर गेलं. तिथला उतार असा अंगावर येणारा आहे. माझा भाऊ पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला, दमाचा गडी. तो सगळी ताकद लावून किनाऱ्याकडं हात मारत होता आणि जागचा हलत नव्हता. नारळपाणीवाला वाळूवरून ओरडला, "आडवा पोह, आडवा!" तसा तो किनाऱ्याला समांतर सरकत गेला, ओढीतून सुटला आणि मग वाळूला लागला. विहिरीच्या पाण्याला ओढ नसते, समुद्राला असते. पुतण्याला हा परिच्छेद वाचून दाखवाच.

लेकरांसाठी मी मालवणचा चिवला किनारा निवडेन. गावातच आहे, पाणी उथळ आणि लाट लहान. तारकर्ली जवळच आहे. वाळू सुरेख, पुढं देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, ते बघायला संध्याकाळी जा. पण संगमाच्या पाण्यात उतरायचं नाही. नदी आणि भरती-ओहोटी, दोन्हींची ओढ तिथं एकत्र येते. गुहागर मलाही आवडतं, लांबलचक आणि शांत आहे. पण चार दिवसांत तिन्ही टोकं गाठायची म्हटली तर लेकरं गाडीतच झोपून जातील. ते पुढच्या खेपेला ठेवा.

पंचांग सोबत घ्या. किनाऱ्यावरची माणसं भरतीचा हिशोब तिथीवरून करतात : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची साधारण वेळ. चतुर्थी असेल तर 4 ची पाऊणपट 3, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती. ओहोटी तिच्या सहा तास आधी, सकाळी नऊला. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. तुम्ही पोचाल तेव्हा चतुर्थी-पंचमीच असेल, म्हणजे सकाळी नऊ-दहाला वाळू रुंद उघडी पडलेली आणि पाणी नुकतं फिरलेलं. लेकरांना तेव्हा खेळवा. पाणी उतरत असताना, म्हणजे संध्याकाळी, नुसते पाय भिजवा. तरी पोचल्यावर एखाद्या कोळ्याला विचारून खात्री करून घ्या.

वाट सरळ आहे : तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग फोंडा घाटानं कणकवली आणि मालवण. दोन मुक्काम तिथं, तिसरा गणपतीपुळ्याला, आणि आंबा घाटानं परत. सिंधुदुर्ग किल्ला मालवणात पोचल्यावर पहिल्याच सकाळी करून घ्या, कारण समुद्र खवळला तर होड्या बंद राहतात. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचं काम सुरू केलं. आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे, सासऱ्यांना तिथं बराच वेळ बसू द्या.

आणि पाण्यात उतरताना तुम्ही साडी नेसू नका. भिजली की जड होते, पायात गुंतते आणि लेकराकडं धावता येत नाही.