रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग समुपदेशकाकडे कशाला?

"मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून मला तुमच्याकडे पाठवलंय. म्हणजे माझं दुखणं मनाचंच आहे, असंच ना?"

ओटीपोटाच्या किंवा योनीमुखाच्या जुनाट दुखण्यानं बेजार झालेल्या बहुतेक बायका हे विचारतातच. प्रश्नात राग असतो आणि तो रास्त आहे. सगळ्यांनी हात टेकल्यावर 'आता समुपदेशकाकडे जा' म्हटलं, तर कुणालाही तसंच वाटेल.

अशीच एक तिशीतली, बँकेत नोकरी करणारी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). लग्न झाल्यापासून संबंधाच्या वेळी ब्लेडनं चिरल्यासारखं दुखायचं. पुढे स्कूटीवर बसलं, घट्ट लेगिंग्ज घातली तरी आग व्हायला लागली. दर वेळी 'इन्फेक्शन असेल' म्हणून बुरशीवरच्या गोळ्या आणि मलम. तपासणीत बुरशी मात्र एकदाही सापडली नव्हती. सासूबाईंना गोड बातमीची घाई. नवऱ्याची समजूत अशी की हिला मीच आवडत नाही.

मी तिला आधी एवढंच सांगितलं, की सोनोग्राफीत सगळं दिसत नाही. आखडलेले स्नायू, हुळहुळे झालेले चेतातंतू त्यात कुठून दिसणार? एन्डोमेट्रिऑसिससुद्धा (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) पुष्कळदा निसटतो. योनीमुखाशी किमान तीन महिने दुखतंय आणि संसर्ग, त्वचाविकार असं ठोस कारण मिळत नाही, तर त्याला व्हल्वोडायनिया म्हणतात. ही व्याख्या २०१५ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संघटनांनी मिळून ठरवली आहे. मनाचे खेळ म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही.

मग तिला अशा स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं, ज्या हे दुखणं ओळखतात. त्यांनी स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून तपासायचं उपकरण) बाजूला ठेवला. ओलसर कापसाच्या काडीनं योनीमुखाभोवती घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे एकेका जागी हलकेच टेकवत विचारत गेल्या, "शून्य ते दहात किती?" वरच्या बाजूला एक-दोन. खाली पाच आणि सातच्या जागी तिनं टेबलाची कड घट्ट धरली, "आठ!" नुसत्या काडीच्या स्पर्शाला आठ.

फिजिओथेरपिस्टकडे वेगळीच गोष्ट कळली. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंसाठी मोबाइलवर व्हिडिओ बघून ती रोज केगल, म्हणजे हे स्नायू आवळायचे व्यायाम, करत होती. तिचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू मुळातच आवळलेले, त्यांना ती आणखी आवळत होती. ते बंद करून पोटानं श्वास घेत स्नायू सैल सोडायला शिकवलं. बद्धकोष्ठही निस्तरलं, कारण कुंथण्यानं तेच स्नायू ताठतात. कॅनडातल्या २१२ स्त्रियांच्या अभ्यासात (२०२१) योनीमुखाच्या अशा दुखण्यावर नुसत्या बधिर करणाऱ्या मलमापेक्षा फिजिओथेरपी सरस ठरली होती. तो अभ्यास मी मुद्दाम तिच्या नवऱ्याला सांगितला. 'व्यायामानं काय होणार' असं तोच म्हणत होता.

मध्येच गाडी अडली. डॉक्टरांनी कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिन दिलं होतं. मेडिकलवाल्यानं 'डिप्रेशनची गोळी' म्हटलं आणि हिनं पाकीट कपाटात टाकलं. "बघा, शेवटी मला वेडीच ठरवलंत!" ही गोळी मूळची नैराश्यावरची खरी, पण कमी मात्रेत चेतातंतूंच्या वेदनेसाठीही देतात, हे पाठवणाऱ्यानंच सांगायला हवं होतं. तेव्हापासून मी एक साधा कागद करते. कोणी काय तपासलं, कोणतं औषध कशासाठी, हे त्यावर लिहिलेलं असतं आणि तो बाईच्याच पर्समध्ये राहतो. एका छताखाली सगळे तज्ज्ञ आपल्याकडे बहुतेक गावांत नाहीत, तेव्हा हा कागदच टीमचं काम करतो.

माझ्या वाट्याचं काम निराळं होतं. नवऱ्यानं खांद्यावर हात ठेवला तरी तिचं अंग ताठायचं, कारण पुढे काय होणार हे शरीराला पाठ झालं होतं. भीतीनं स्नायू आवळतात, आवळले की दुखतं, दुखलं की भीती वाढते. दोघांना समोर बसवून ठरवलं की काही काळ प्रत्यक्ष संबंध पूर्ण बंद, जवळीक मात्र चालू. तो आधी हिरमुसला. मग म्हणाला, "अहो मॅडम, मला वाटायचं ती टाळतेय. मलाही दर वेळी धडकी भरायची." त्यानंतर सासूबाईंना उत्तर तोच देऊ लागला: "आई, तिचे उपचार चालू आहेत. आम्ही सांगू तेव्हा सांगू."

हे काही आठवड्यांत मिटणारं दुखणं नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगते. आणि दुखण्याबरोबर ताप, अनियमित रक्तस्राव, जखम, गाठ किंवा वजन घटणं असेल, तर माझ्याकडे येण्याआधी डॉक्टर गाठायचा.

तिचं विचाराल तर आता स्कूटी चालवते. पाळीच्या आधी दोन-चार दिवस अजून दुखतं, तेव्हा बसने जाते. संबंध हळूहळू सुरू झालेत. दुखायला लागलं की "थांब" म्हणते आणि तो थांबतो. मुलाचा विषय दोघांनी सध्या बाजूला ठेवलाय.