मामाने दिलेली बोट आणि माहेरचं शेततळं

प्रश्न : काका, माझा मुलगा पाचवीत आहे. वाढदिवसाला मामाने त्याला बॅटरीवर चालणारी रिमोटची बोट दिली. तेव्हापासून 'गंगेवर (म्हणजे आपल्या गोदावरीवर) नेऊन सोडू' म्हणून मागे लागलाय. सासरे म्हणतात, खेळणंच तर आहे, ने की रामकुंडावर. भाऊ म्हणतो दिंडोरीला ये, आपल्या शेततळ्यात सोडू, तिथे गर्दी नाही. मला दोन्हीकडे धाकधूक वाटते. शिवाय बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावलेली चालते का? आणि बोट हातात धरून चालू केली तर पंखा फिरतच नाही. बिघडली असेल का?
— एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, शेवटचं आधी सांगतो. बोट ठणठणीत असणार. अशा खेळण्यांच्या बुडाला बहुधा धातूचे दोन छोटे ठिपके असतात. पाणी त्या दोघांना जोडतं तेव्हाच मोटर चालते. माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर 'बिघडलेल्या' म्हणून आलेल्या बोटी मी परातभर पाण्यात ठेवून परत पाठवतो. मात्र एक लक्षात घ्या. ओल्या तळव्यानेही ते दोन ठिपके जोडले जातात आणि पंखा हातातच फिरू शकतो. म्हणून पंख्यात अडकलेलं काही काढायचं असेल तर नुसतं बटण बंद करून भागत नाही, आधी बॅटरीची पिन काढायची. चालू करताना आधी रिमोट, मग बोट. बंद करताना आधी बोट, मग रिमोट. हे मुलाकडून पाठच करून घ्या.

रात्रभर चार्जिंग अजिबात नको. बॅटरीवर ७.४ व्होल्ट लिहिलं असेल तर आत लिथियमचे दोन सेल आहेत. एक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. तिथे थांबायचं काम चार्जरचं, आणि खेळण्यासोबत येणाऱ्या स्वस्त चार्जरवर मी झोपेत असताना तरी विश्वास टाकणार नाही. घरात कोणी जागं असताना, शहाबादी फरशीवर, गादी-पडद्यांपासून लांब चार्ज करा. पाण्यातून काढलेली बॅटरी गरम असते, ती निवल्याशिवाय लावू नका. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत तर ठेवूच नका.

आता जागा. तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, पण रामकुंड नाही. तिथे माणसं स्नान करतात, पूजा-विधी चालू असतात. वेगात असलेली बोट डुबकी मारून वर येणाऱ्याच्या तोंडावर आदळली तर ती खेळणं राहत नाही. घाटावर पुढे-मागे सरकलात तरी निर्माल्य आणि पानवेली पंख्याला गुंडाळतात. पंखा अडकला आणि मुलगा रिमोट दाबतच राहिला की मोटर जळते. पावसाळ्यात तर विचारच नको. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आलं, हे सगळं नाशिक विचारत असतं. ते पाणी पायरीवर उकिडव्या बसलेल्या मुलाची वाट बघत थांबत नाही.

पण खरं सांगू? रामकुंडापेक्षा मला तुमच्या भावाच्या शेततळ्याची भीती जास्त वाटते. तिथे गर्दी नाही, म्हणजे ओढून काढणाराही नाही. शेततळ्याच्या उतारावर प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ. पाय घसरला की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही, कारण धरायला काहीच नसतं. आणि बोट बंद पडते ती नेमकी काठापासून दहा-बारा हातांवर. हाताला येईल असं वाटण्याइतकीच लांब. मुलगा, मामा, जो कोणी जवळ असेल तो पुढे वाकतो. बोटीने कुणी बुडत नाही, ताई, तिला आणायला गेलेला बुडतो. म्हणून तारेच्या कुंपणाच्या आत मुलगा नको, मग बोट आत राहिली तरी चालेल.

सुरुवात घरच्या टबात करा, झाकणातून पाणी शिरतंय का ते तिथेच कळेल. नंतर भावाच्याच मळ्यात गुडघाभर पाण्याचा सिमेंटचा हौद असेल तर उत्तम, मोठं माणूस शेजारी बसून. पुढे कधी स्थिर, मोकळ्या पाण्यावर गेलात तर वारा बघून उभे राहा. वाळकं पान पाण्यावर टाका. ते ज्या काठाकडे सरकेल तो काठ तुमचा, म्हणजे बंद पडलेली बोट आपोआप तुमच्याकडे येईल. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचा, तेव्हा पूर्वेचा काठ धरा. खोक्यावर शंभर मीटर लिहिलेलं असतं, तुम्ही त्याच्या निम्म्यातच फिरवा. बोट पाण्याला चिकटून असते, त्यामुळे सिग्नल जमिनीवरच्या गाडीपेक्षा लवकर तुटतो. वेग मंदावला की लगेच काठाला. 'अजून एक फेरी' तिथे चालणार नाही.

तरीही अडकलीच तर? येवल्याची आसारी, म्हणजे पतंगाचा दोरा गुंडाळायची फिरकी, घरात पडून असेल, तिच्यावर साधा जाड दोरा गुंडाळा आणि टोकाला जाळीत बांधलेला टेनिस बॉल. बोटीच्या पलीकडे फेकायचा आणि हळूहळू ओढायचा. नायलॉन मांजा नको. त्याच्यावर बंदी आहेच, शिवाय तो पंख्याच्या दांड्यात शिरला तर सोडवता सोडवत नाही आणि तुटून पाण्यात राहिला तर पाणपक्ष्यांच्या पायात.

दोन हजारांची बोट गेली तर मुलगा दोन दिवस रडेल. रडू द्या.

प्रश्न : काका, आमच्या नातवाच्या बोटीची बॅटरी फुगली आहे. अजून चालते. टाचणीने हवा काढू का?
— आजोबा, नाशिकरोड

उत्तर : आजोबा, टाचणी आधी खाली ठेवा. आतली हवा म्हणजे खराब झालेल्या सेलमधला वायू आहे. भोक पडलं की आग लागू शकते. ती चालत असली तरी पुन्हा चार्ज करू नका. पिन काढा, टोकांना चिकटपट्टी लावा आणि मातीच्या कुंडीत कोरडी वाळू घालून तिच्यात, घराबाहेर सावलीत ठेवा. घंटागाडीत टाकू नका, कचरा दाबला जातो तिथे ती पेट घेऊ शकते. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या, आणि देताना 'फुगलेली आहे' असं तोंडाने सांगा.